गोदावरीबाईंची पांढरी चार

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर दीक्षा थांबली आणि म्हणाली, "अंकल, बुरा मत मानिएगा. गोदावरीबाई वाली जो रिकॉर्डिंग है ना आपकी, वो तेज चल रही है." दिवाकर वैरागडे तिला खालपर्यंत सोडायला निघाला होता. रविवारची सकाळ छान पार पडली होती. रायपूरमधल्या तेलीबांध्याच्या त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये अकरा माणसं मांडी घालून बसली होती, बायकोच्या, म्हणजे पद्मिनीच्या, आलूबोंड्यांची परात रिकामी झाली होती, आणि सगळ्यांच्या आग्रहाखातर शेवटी गोदावरीबाईंचा भीमपलास लागला होता. अशा सकाळनंतर माणूस जरा फुगलेला असतो. तो हसून म्हणाला, "तेज म्हणजे? आवाज मोठा लावला होता काय मी?" "नहीं अंकल. स्पीड." तिनं मोबाइल पुढं केला. पडद्यावर एक रेघ होती, डावीकडून निघून उजवीकडे हळूहळू वर चढत गेलेली. दीक्षा नवा रायपूरच्या एका ऑफिसात यंत्रांचे आवाज तपासायचं काम करायची; यंत्र आतून कुठं दुखतंय ते ती आवाजावरून सांगते, एवढं तिच्या कामाबद्दल त्याला माहीत होतं. ती सांगू लागली. टेपमध्ये बाईंच्या आवाजाच्या मागं माइकच्या विजेची बारीक घूं ऐकू येते. ती घूं सगळ्या देशात सारखीच असते, सेकंदाला पन्नास. "उस जमाने में थोड़ा ऊपर-नीचे होता था, पर इतना नहीं." या टेपमध्ये ती सुरुवातीला एक्कावन्न आहे आणि शेवटी छप्पन्न. वीज काही अशी चढत जात नाही. रेकॉर्ड करताना टेपच अधिकाधिक हळू फिरत गेली असणार, म्हणून आता वाजवताना ती पळते, सूर चढतो, लयही वाढते. "शायद सेल कमजोर थे," ती म्हणाली, आणि घाईघाईनं पुढं म्हणाली, "ऊपर सबके सामने नहीं बोला मैंने." हे तिनं सांगायला नको होतं. पोरीनं आपल्याला सांभाळून घेतलं, हे त्याला त्या रेघेपेक्षा जास्त लागलं.

तो वर आला तेव्हा पद्मिनी कप गोळा करत होती. "काय झालं? काहून असे दिसून राहिले?" "काही नाही. ती पोट्टी म्हणते, टेप पळून राहिली." "कोनती?" "गोदावरीबाईची." "मंग पकडा तिले," पद्मिनी म्हणाली आणि कप घेऊन आत गेली. चाळीस वर्षांत पद्मिनीनं त्याच्या गाण्याच्या खोलीकडे कधी वाईट नजरेनं पाहिलं नव्हतं आणि कधी कान देऊनही पाहिलं नव्हतं. तो डेकसमोर बसला. टेप अजून आतच होती. हात बटणाकडे गेला आणि परत आला. ऐकलं तर काय ऐकू येईल याची त्याला पहिल्यांदाच भीती वाटली. तसं पाहिलं तर भिण्यासारखं काय होतं? एक जुनी टेप थोडी पळते, जगात काय उलथापालथ झाली? पण जेवणानंतर आडवा झाला तरी ती चढती रेघच त्याच्या डोळ्यांपुढं येत राहिली.

या मंडळींची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय त्याची ही भीती कळणार नाही. रायपुरातले हे कानसेन बावीस वर्षं एकमेकांना रेकॉर्डिंगं देत-घेत आले होते. पंडरीतला एक कापडाचा ठोक व्यापारी, एक निवृत्त बंगाली डॉक्टर, विजेच्या ऑफिसातले दोन भाऊ, असे सगळे मिळून वीसेक. रेकॉर्डिंग द्यायचं तर सोबत चिठ्ठी द्यायची, ही अट. कोण गातंय, कुठं, कधी, आणि मुख्य म्हणजे काय ऐकायचं. आधी ती चिठ्ठी कॅसेटच्या डबीत घडी घालून असायची, नंतर सीडीच्या पाकिटात, आता व्हॉट्सॲपवर येते, पण तिचं नाव चिठ्ठीच राहिलं. बिनचिठ्ठीचं रेकॉर्डिंग कोणी घ्यायचं नाही. आणि या सगळ्या चिठ्ठ्यांत दिवाकरची गोदावरीबाईंवरची चिठ्ठी म्हणजे मानाची. नव्या माणसाला ती आधी वाचायला द्यायचे. 'गोदावरीबाई, रेल्वे इन्स्टिट्यूट, रायपूर, डिसेंबर १९८३. बाईंचा सा पेटीच्या पांढरी चार पट्टीच्या किंचित वर. पुढं ऐकत राहा. बाई रंगत जातात तसा सूर आपोआप चढत जातो, अगदी न कळत, आणि शेवटी त्या पांढरी पाचवर पोचलेल्या असतात. तंबोराही त्यांच्या मागोमाग जातो. असं गाणं ठरवून होत नाही.' आता कोणीही विचारील की बाबा रे, बाई चढल्या हे समजलं, तंबोरा कसा चढला? त्याला काय भावना असतात? डॉक्टरांनी हे पूर्वीच विचारलं होतं. दिवाकरकडे उत्तर तयार होतं: तंबोऱ्यावर बसलेली मुलगी तयार कानाची असणार, वाजवता वाजवता तारांचा सूर बारीक चढवायचे मणी सरकवत गेली असणार. हे उत्तर इतकं सुंदर होतं की ते खरं आहे का, हे तपासावं असं कोणालाच वाटलं नाही. डॉक्टर तेवढे "हूं" म्हणाले होते. त्या हूंमध्ये काय होतं ते दिवाकरला आज कळलं.

सोमवारी सकाळी दाढी करताना त्याला सेल आठवले. चार सेल, लाल कागदाचे, अंगणाच्या भिंतीवर ओळीनं उन्हात ठेवलेले. उतरलेले सेल उन्हात ठेवले की थोडा वेळ पुन्हा चालतात, हे तेव्हा घराघरांत माहीत होतं. तो बावीस वर्षांचा होता, रेल्वेच्या मालधक्क्यावर नुकताच चिकटला होता, आणि मामाकडून टेपरेकॉर्डर मागून आणला होता. त्याला रेडिओही जोडलेला होता. तीन दिवस तो त्यावर गाणी ऐकत होता, रात्री उशाशी घेऊन झोपत होता. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी लक्षात आलं की आवाज बसलाय. इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये विजेची जी एक जागा होती ती माइकवाल्यानं अडवलेली. मग सेल उन्हात गेले. दुपारी काढले तेव्हा हाताला चांगले गरम लागले आणि त्याला वाटलं, झालं काम. चेहऱ्याला साबण तसाच लावून तो आरशासमोर उभा राहिला. चाळीस वर्षं ही भिंत, हे ऊन, हे चार सेल डोक्यात कुठंतरी पडून होते आणि एकदाही त्याच्या चिठ्ठीत आले नाहीत. त्याला हसू आलं. बाई रंगत गेल्या म्हणे. सेल संपत गेले!

हसू आलं तरी ते फार वेळ टिकलं नाही, कारण त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला. आपण तिथं होतो की. बाईंपासून आठ फुटांवर होतो. मग खरा आवाज आपल्याला आठवायला हवा. तो आठवू लागला. बाईंची शाल आठवली, तिला डांबराच्या गोळ्यांचा वास होता. डाव्या हाताची दोन बोटं मांडीवर हलत होती. मागं कोणाचं तरी मूल सारखं रडत होतं. रेकॉर्डरचा बारीक लाल दिवा आठवला, खिडकीतून दिसणारं कॅसेटचं फिरणारं चाक आठवलं, ते फिरतंय ना, हे दर मिनिटाला वाकून बघणं आठवलं. आवाज आठवेना. आवाज म्हणून जे जे मनात आलं ते टेपमधलं होतं, पळणारं, चढणारं. म्हणजे गाणं चालू होतं तेव्हा हा बाबा चाकाकडे बघत बसला होता. ऐकायचं नंतर, आधी साठवून घेऊ. आणि नंतर जे ऐकलं ते किती ऐकलं! वडील आजारी होते तेव्हा दवाखान्यातून आल्यावर ऐकलं. बिलासपूरला बदली झाली, एकटा राहत होता, तेव्हा भात शिजेपर्यंत ऐकलं. बाईंचा तो चढत जाणारा सूर ऐकून त्याला प्रत्येक वेळी वाटायचं की आपलंही काहीतरी थोडंसं वर सरकलं. हे सगळं खोटं धरायचं का? तो दोन दिवस या प्रश्नाशी खेळत राहिला, आणि बुधवारी तलावाकाठी फिरताना त्यानं ठरवून टाकलं की नाही. आनंद झाला तो झाला. सेलामुळं झाला तर सेलांचे उपकार. त्याच्या स्वभावात मुळातच फार काळ दुःखी राहायची सोय नव्हती. गुरुवारी तो चक्क शिटी वाजवत भाजी घेऊन आला.

आणि पिशवी ओट्यावर ठेवता ठेवता त्याला प्रेमलाताई आठवल्या. तो तसाच स्टुलावर बसला. गोदावरीबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती तेव्हा, म्हणजे दोन हजार अकरा साली, त्याला कोणीतरी सांगितलं की त्यांची मुलगी रायपूरला लागूनच बीरगांवला राहते, तिचा नवरा उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात आहे. तो स्कूटरवर सीडी आणि प्लेअर बांधून मोठ्या ऐटीत गेला होता. आईचा आवाज लेकीला नेऊन देतोय, यापेक्षा मोठं काम कानसेनानं काय करावं? प्रेमलाताई गालाला हात लावून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "भाऊ, ही आई नाही वाटत." "म्हणजे?" "आई अशी बारीक नव्हती गात. तिचा आवाज खाली होता. जमिनीवर बसल्यावानी." त्याला त्या वाक्याचं कौतुक वाटलं होतं आणि कीवही आली होती. अर्धा तास त्यानं त्यांना समजावलं. तुम्ही तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या. माणसाच्या आठवणीत आवाज टिकत नाही, चेहरा टिकतो. आईचा आवाज मोठेपणी सगळ्यांनाच खाली गेल्यासारखा आठवतो. "ताई, याद खोटं बोलू शकते. टेप खोटं नाही बोलत." हे त्यांना पटावं म्हणून त्यानं आणखी दोन उदाहरणं दिली, तीही मोठ्या लोकांची. शेवटी त्या म्हणाल्या, "हव भाऊ, तुम्ही शिकले-सवरले, तुमाले जास्त समजते." आणि सीडी ठेवून घेतली. एवढ्यावर थांबला असता तरी ठीक. पण ही गोष्ट तो मंडळींत सांगायचा. चार-पाच वेळा तरी सांगितली असेल. बघा, पोटची पोर, पण कान विसरला! आणि मग ते टेप खोटं बोलत नाही हे वाक्य, आणि मंडळींच्या माना डोलायच्या. दिवाकरला त्या स्टुलावर बसून इतकी लाज वाटली की पद्मिनीनं "मेथी आनली काय?" असं विचारलं तेव्हा तो फक्त पिशवीकडे बोट दाखवू शकला.

शनिवारी दीक्षा लॅपटॉप घेऊन आली. तिला त्यानंच बोलावलं होतं. "ते सीधं करता येते काय, तुझी ती रेघ?" "हो जाएगा अंकल. आधा घंटा." ती मराठी सगळं समजायची. आईवडील घरात मराठीच बोलायचे, पण तिच्या तोंडून हिंदीच यायची आणि त्याची आता त्याला सवय झाली होती. तिनं टेप लॅपटॉपमध्ये घेतली, ती चढणारी रेघ जागोजाग धरून खाली ओढली, जशी आई मुलाच्या शर्टाची चुणी ओढून सरळ करते. वीस मिनिटांत रेघ आडवी झाली. मग तिनं त्याच्या स्पीकरांना वायर जोडली आणि म्हणाली, "आप चलाइए." त्यानं बटण दाबलं. सुरुवात जवळजवळ ओळखीचीच होती, पण पुढं त्याला ते आजारी माणसाचं गाणं वाटू लागलं. सगळं जड, सगळं मागं रेंगाळणारं. जिथं त्याचा पाय ठेक्यावर पडायचा तिथं ठेका अजून आलेलाच नसायचा. ज्या तानेवर तो दर वेळी डोळे मिटायचा ती तान आली तेव्हा त्यानं सवयीनं डोळे मिटले आणि उघडले तरी तान चालूच होती. घर बदलल्यावर अंधारात दिव्याचं बटण सापडत नाही तसं त्याला झालं. मग हळूहळू, कधी ते सांगता येणार नाही, समोर एक बाई बसलेली दिसू लागली. चाळिशीची, सकाळपासूनचं घरकाम आटपून आलेली, कुठं जायची घाई नसलेली. दोन सुरांच्या मधे तिचा श्वास ऐकू येत होता. हा श्वास चाळीस वर्षं कुठं होता? तो पळण्यात बुजून गेला होता. बाई कुठंही चढत नव्हती. पांढरी चारवर बसली होती आणि तिथंच राहिली, शेवटपर्यंत, आणि त्या बसण्यातच इतकं काही होतं की दिवाकरला आपल्या त्या चिठ्ठीतलं शेवटचं वाक्य आठवून कानशिलं तापल्यासारखी झाली. पद्मिनी हातात झारा घेऊन दारात येऊन उभी होती. गाणं संपेपर्यंत ती हलली नाही. "ही बाई चांगली गाते," ती म्हणाली. "मंग ते आधीची कोन होती?"

दीक्षा हसली, तोही हसला. जाताना दीक्षानं विचारलं, "ग्रुप में मैं लिख दूँ, या आप?" "मीच लिहितो," तो म्हणाला, आणि ती जिना उतरायच्या आत लिहून टाकलंसुद्धा. 'गोदावरीबाईंची चिठ्ठी मागे घेत आहे. सूर बाईंचा चढत नव्हता, माझे सेल उतरत होते. चूक शोधली दीक्षानं. सुधारलेलं रेकॉर्डिंग सोबत. तंबोऱ्याच्या मण्यांबद्दल मी जे सांगत आलो ते सपशेल काढून टाकावं.' दहा मिनिटांत उत्तरं आली. डॉक्टरांनी लिहिलं, 'बीस साल से हूं बोल रहा था, आज हाँ बोलता हूँ.' कापडवाल्यानं हात जोडलेली चित्रं पाठवली आणि खाली लिहिलं की भैया, पुरानी वाली भी रहने दो, गाडी में वही अच्छी लगती है. विजेच्या ऑफिसातल्या दोघा भावांनी विजेची बाजू घेतली. दिवाकरला वाटलं होतं त्याच्या कितीतरी पट सोपं गेलं ते. मंडळींनी त्याला वर चढवला होता तसा अलगद खाली उतरवून घेतला, आणि खाली उतरल्यावर त्याला मोकळं वाटलं. रात्री तो चांगला झोपला. पण मंडळींचं भागलं तरी त्याचं भागलं नव्हतं, कारण बीरगांवात अजून तीच सीडी होती.

सोमवारी दहा वाजता तो तिथं पोचला. गल्ली बदलली होती, घराला वर एक मजला चढला होता, पण परछीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, बसायची जागा तीच. प्रेमलाताई सुपात लाल भाजी घेऊन निवडत होत्या. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, मुलगा कामावर, सून शाळेत शिकवायला, असं त्यांनी पाणी देता देता सांगितलं. त्यांनी त्याला लगेच ओळखलं, हेच त्याला जड गेलं. ओळखलं नसतं तर बरं झालं असतं असं क्षणभर वाटून गेलं. रस्त्यावरून कारखान्याकडे जाणारे ट्रक सारखे चालले होते. त्यानं घरून वाक्य जुळवून आणलं होतं, विजेपासून सुरू होणारं. ते सगळं राहिलं. "ताई, मी चुकलो होतो," तो म्हणाला. "तुम्ही म्हणाल्या होत्या ते खरं होतं. ती टेप खराब होती. तुमच्या आईचा आवाज खालीच होता." प्रेमलाताईंचे हात चालूच राहिले. देठ एकीकडे, पानं एकीकडे. "ते मी सोडूनच देल्लं होतं भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर राग नाही मले. पन एक सांगू काय? तुमी ती सीडी देल्ली, मी गंज ऐकली. रोज ऐकली दोन-तीन वर्षं. आईच होय म्हनून मनाले समजवून ऐकली. मंग एक दिवस आईले आठवाले बसली, तं सीडीवालीच आली. पहिलेची आलीच नाही. मंग कधीच नाही आली." हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, गेल्या वर्षी पेरू आले नाहीत असं सांगावं तसं. गुरुवारी स्टुलावर बसून जी लाज वाटली ती लाज दिवाकरला आता किरकोळ वाटली. त्यानं त्या बाईला खोटं पाडलं होतं, एवढंच त्याला माहीत होतं. तिच्याकडे जे होतं ते आपण नेलं, हे माहीत नव्हतं.

त्यानं पिशवीतून छोटा स्पीकर काढला, मोबाइल जोडला आणि गाणं लावलं. परछीत गोदावरीबाईंचा आलाप भरला. हा स्पीकर त्याच्याकडचा लहानांतला सगळ्यांत चांगला, खालचे सूर स्वच्छ देणारा. प्रेमलाताई ऐकत होत्या. तो त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होता आणि दर क्षणाला बघत होता. आता ओळखतील, या जागेवर ओळखतील, या श्वासाला तरी. आलाप संपला, तबला सुरू झाला, त्यांनी भाजीचं सूप बाजूला सरकवलं आणि मान हलवली. "ही बी नाही भाऊ." रेघ सरळ होती. पन्नास म्हणजे पन्नास होतं. याहून खरं आता काही निघणार नव्हतं. "पण ताई, आता तर मशीननं—" एवढं त्याच्या तोंडात आलं आणि त्यानं ते तिथंच दाबलं. तेरा वर्षांपूर्वी याच परछीत याच जागी बसून त्यानं अर्धा तास जे केलं होतं ते पुन्हा सुरू होत होतं. त्यानं गाणं थांबवलं. मग त्यानं विचारलं, आणि विचारताना त्याच्या लक्षात आलं की हे आपण कधी विचारलंच नव्हतं, "ताई, मग कशी गायच्या त्या? तुम्ही सांगा."

"तसं सांगता येते काय," प्रेमलाताई म्हणाल्या, आणि मग सांगू लागल्या. "इन्स्टिट्यूटमधे मी कुठं होती भाऊ? लहान भावाले ताप होता, मी घरी होती. आई बाहेर कशी गाये ते मले ठाऊकच नाही. मी घरातलीच ऐकली. बाबा, भैय्यालाल फिटर म्हनून होते, वॅगनच्या कारखान्यात, नेहमी रातपाळी. सकाळी येऊन झोपत. घर एका खोलीचं. आई सैपाक झाला का तंबोरा घेऊन तिथंच बसे, बाबाच्या पायथ्याशी, दुसरी जागाच नव्हती. वर गेलं का आवाज मोठा निघे, बाबाची झोप मोडे, म्हनून खालीच गाये. आनि खाली बी..." त्या थांबल्या. स्पीकरकडे बघत राहिल्या. "ते पुन्हा लावा. आवाज कमी करा." त्यानं लावलं, आवाज निम्मा केला. "आनखी." त्यानं आणखी कमी केला. ट्रक गेला की मधेच काही स्वर बुडायचे. "आनखी कमी." त्याचं बोट मोबाइलच्या कडेवर थबकलं. आयुष्यभर त्यानं आवाज स्पष्ट यावा म्हणून तारा बदलल्या होत्या, स्पीकर चार-चार बोटं इकडे-तिकडे सरकवले होते. त्यानं आवाज एक घर खाली घेतला. मग आणखी एक. आता शेवटचं घर उरलं होतं. त्याला तंबोरा ऐकू येत नव्हता, तबला नाही, श्वास तर नाहीच. तो स्पीकरकडे वाकला, कान नेला, तरी पंख्याची घरघरच आली. प्रेमलाताईंनी हात वर केला. पुरे, एवढाच.

त्यांची मान थोडी कलली होती. हात मांडीवर उघडे पडले होते, बोटांना भाजीचा लाल रंग. "आली," त्या म्हणाल्या, ओठांतल्या ओठांत. दिवाकरला अंगभर बरं वाटलं. इतकं बरं की त्याचे डोळे भरून आले आणि त्याला त्यांना काहीतरी विचारावंसं वाटलं, नक्की कुठला सूर, कुठली जागा. त्यानं तोंड उघडलं. प्रेमलाताईंनी चटकन ओठांवर बोट ठेवलं आणि डोळ्यांनीच आतल्या खोलीकडे खूण केली. तिथली खाट रिकामी होती. पाय वाजू नयेत म्हणून त्यानं हळूच चपला काढून ठेवल्या.